टॅमरॉन १७-५०: एफ/२.८ ला चालू, एफ/८ ला बंद

कुडाळ स्टेशनच्या फलाटावर झालेला हा व्यवहार. घेणारा जत्रेतले दशावतार टिपणारा, कॅननच्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सला कंटाळलेला. जाहिरात सेकंडहँड टॅमरॉन १७-५० एफ/२.८ व्हीसी (हात हलला तरी फोटो सावरणारी) लेन्सची, ‘नव्यासारखी’, १३,५०० रुपये. गरज रास्तच होती. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं. किटची १८-५५ (हे झूमचे मिलिमीटर) ही ५५ ला एफ/५.६ पलीकडे उघडत नाही, एफ/२.८ ला चौपट उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० चं काम १६०० वर भागतं.

विकणारा म्हणाला, गोव्याला चाललोय, गाडी थांबेल तेवढ्यात डब्याच्या दारात देतो. लेन्स त्याच्याच कॅमेऱ्यावर चढवलेली, ॲपर्चर एफ/२.८ वर लावलेलं. फलाटाचे दोन फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून दाखवले, स्वच्छ आले होते. यूपीआयने पैसे गेले, गाडीही गेली. घरी एफ/८ ला पहिलाच फोटो काढला आणि कॅमेऱ्यावर ‘एरर ०१’. त्यानंतर फोन लागला नाही.

कॅननच्या लेन्समध्ये ॲपर्चरची पाती आतली छोटी मोटर हलवते. तिला जोडणारी पातळ फ्लेक्स केबल झूम फिरवताना दर वेळी वाकते आणि काही वर्षांनी तडकते. एफ/२.८ ला छिद्र पूर्ण उघडंच असतं, पाती हलवावीच लागत नाहीत, म्हणून फोटो बिनबोभाट येतो. विकणाऱ्याने एफ/२.८ लावून ठेवलं होतं ते म्हणूनच. तक्रार केली की ‘कॉन्टॅक्ट (लेन्स-कॅमेरा जोडणारे धातूचे ठिपके) पुसा’ हे उत्तर ठरलेलं. कॅमेऱ्याचा संदेशही तेच सांगतो, त्यामुळे ते खरं वाटतं. केबल तुटली असेल तर पुसून काही होत नाही. तडा कधीकधी एकाच फोकल लेंग्थला (झूमच्या एकाच आकड्याला) उघडा पडतो. तेव्हा १७, २४, ३५ आणि ५० ला, एफ/८ वर, प्रत्येकी चार-पाच फोटो काढा. आपल्याच कॅमेऱ्यावर.

लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढे लावायची संरक्षक काच) होता. तो काढायला सांगा. ‘अडकलाय’ म्हटलं की मागे फिरा, कारण ओरखडे त्याच्याखालीच लपतात. मग लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. बारीक धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी दमटात लेन्स बॅगेत बंद पडून राहिली की हे होतंच. बुरशी पुसता येते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतात आणि समोरून दिवा आला की फोटो धुरकट होतो. निकॉनची लेन्स उतरवली की पाती मिटलेली असतात. मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ती उघडा, त्याशिवाय आतलं दिसणार नाही.

माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कड्याच्या) स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर लेन्स कोणीतरी खोललेली आहे. पांढरट-हिरवी पुटं म्हणजे खारी हवा लागलीय. झूम रिंग फिरवताना करकर आली तर आत बहुतेक किनाऱ्यावरची वाळू आहे. खोलून बसवलेल्या लेन्सचं काचेचं भिंग जरा तिरकं बसलं तरी एक कोपरा पुसट येतो. याला चिऱ्याची भिंत उत्तम: समोर अगदी सरळ उभे राहा, १७ ला एफ/२.८ ठेवा आणि चारही कोपऱ्यांतले सांधे ताडून बघा. थोडी मऊ धार चारही बाजूंना सारखी असेल तर हरकत नाही, एकच कोपरा बिघडला तर नको.

निकॉनवाल्यांसाठी सापळा वेगळा आहे. व्हीसी नसलेल्या टॅमरॉन १७-५० च्या सुरुवातीच्या निकॉन आवृत्तीत फोकसची मोटरच नाही. विकणारा ती डी७००० कॅमेऱ्यावर दाखवतो, तिथे कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर काम करते. तुमच्या डी३४०० किंवा डी५६०० वर मात्र ऑटोफोकस होणार नाही.

गाडीच्या दारातला असा घाईचा व्यवहार करूच नका. अर्धा तास बसता येईल अशी जागा ठरवा, लेन्सवरचा सिरीयल नंबर बिलाशी ताडा आणि पैसे सगळं तपासून झाल्यावर द्या. टोकन आगाऊ मागणारा किंवा ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा सरळ चोर समजा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जाहिरात, चॅट आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. जाहिरात गायब व्हायला वेळ लागत नाही.