तीन वर्षांचं मेंटेनन्स पॅकेज: २७ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडीची डिलिव्हरी ठरली तेव्हा सह्यांसाठी जो कागदांचा गठ्ठा पुढे आला, त्यात मेंटेनन्स पॅकेजचाही एक कागद होता. तीन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. सर्व्हिसचे पैसे आत्ता भरा, पुढे काळजी नको. सुटी कामं करून घेण्यापेक्षा २२ टक्के बचत, असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. रक्कम कर्जातच धरली जाणार होती, म्हणजे खिशातून वेगळं काही जात नव्हतं. मी सही केली. आज २७ महिने झाले, गाडी १५,८०० किलोमीटर चालली आणि दोन सर्व्हिस झाल्या. ओळखीतल्या कुणी नवी गाडी घेतली की पॅकेजचं विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल हे नाही. ती बिघाडासाठी असते, तिचा हिशोब वेगळा. मेंटेनन्स पॅकेज म्हणजे ठरलेल्या कामांचे आगाऊ भरलेले पैसे. शोरूममध्ये दोन्ही एकाच दमात सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते, माझ्याही झाली होती.

पहिली सर्व्हिस बाराव्या महिन्यात, ६,९०० किलोमीटरला झाली. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असं लिहिलंय. आठवणीचा फोन वेळेवर आला, गाडी घरून नेली, संध्याकाळी धुऊन परत आणून दिली. फार बरं वाटलं, हे मनापासून सांगते. दुपारी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन आला होता: "मॅडम, ऑइल-फिल्टर पॅकेजमध्ये आहेच, पण या स्टेजला एक छोटं पॅकेज रेकमेंडेड आहे, करून टाकू का?" त्यात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणारं द्रव्य), इंजेक्टर क्लीनर (पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायला टाकीत ओतायचं द्रव्य), एसी डिसइन्फेक्शन आणि एसी गॅस टॉप-अप होतं. मी मीटिंगमध्ये होते, हो म्हणून टाकलं. मूळ पॅकेजमध्ये नसलेलं दुसरं पॅकेज आपण घेतोय, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या सर्व्हिसच्या आधी, २३व्या महिन्यात, एसीला कोंदट वास येत होता. ग्लोव्ह बॉक्स काढला की मागे केबिन फिल्टर असतो, तो बाहेर काढून झटकला. परत बसवताना त्याच्या चौकटीवर मार्करने तारीख लिहिली. मनात कुठलाही संशय नव्हता, घरात पाण्याच्या फिल्टरवरही मी तारीख लिहिते. महिन्याभराने सर्व्हिस झाली. जॉब कार्डवर केबिन फिल्टरपुढे 'बदलला' अशी खूण होती, पण वास तोच. उघडून पाहिलं तर माझ्याच अक्षरातली तारीख समोर.

दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही, लगेच नवा बसवून दिला आणि माफीही मागितली. चूक मेकॅनिकची होती की खुणा करणाऱ्याची, कोण जाणे. पण घरी येताना मला माझ्याबद्दलच प्रश्न पडला. याआधीची जुनी गाडी मी नऊ वर्षं वापरली. तिच्या प्रत्येक बिलातली प्रत्येक ओळ मी वाचायचे, न पटलेलं काम काढायला लावायचे, काढलेला पार्ट मागून घ्यायचे. या गाडीचं एकही बिल मी वाचलं नव्हतं. शून्य रकमेचं बिल कोण वाचतं? पैसे आधीच गेलेले असले की काउंटरवर उभं राहून विचारण्यासारखं काही उरतच नाही. माझ्या मते पॅकेजमधलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि ते कुठल्याही हिशोबात दिसत नाही.

त्या रात्री मी मॅन्युअल, पॅकेजचा कागद आणि शोरूमचं सुट्या कामांचं दरपत्रक शेजारी शेजारी ठेवलं. रकमा जागेप्रमाणे आणि गाडीप्रमाणे बदलतात, म्हणून पॅकेजच्या किमतीला मी १०० धरते. पॅकेजमधली सगळी कामं दरपत्रकाप्रमाणे सुटी केली असती तर १२८ झाले असते. म्हणजे २२ टक्के बचत हा आकडा खोटा नव्हता. पण त्या १२८ पैकी मॅन्युअलने सांगितलेली कामं, म्हणजे तीन वेळचं इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि त्यांची मजुरी, फक्त ७४ ची होती. उरलेले ५४ थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) क्लीनिंग, दरवेळचं चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग, अंडरबॉडी कोटिंग आणि इंटीरियर क्लीनिंग यांचे. मधल्या काळात ऑइलचे आणि मजुरीचे दर वाढले, तो फरक धरून ७४ चे ८१ होतात. म्हणजे दरवाढीपासून पॅकेजने मला वाचवलं ते ७. जास्तीचे गेले ते १९, आणि रक्कम कर्जात असल्यामुळे त्यावर व्याज.

ती ५४ ची कामं सरसकट टाकाऊ आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या सर्व्हिसला मेकॅनिकने पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजलेली दाखवली. उभं राहून ती दिसतच नाही. अलाइनमेंट बिघडलेलं निघालं आणि ते तिथल्या तिथे ठीक झालं. पण वर्ष भरलं म्हणून अलाइनमेंट बिघडत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल, टायर एका कडेने झिजत असेल किंवा मोठ्या खड्ड्यात आदळली असेल, तर करावं. पहिल्या वर्षी यातलं काहीही नव्हतं. थ्रॉटल बॉडीचंही तेच. गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल तर साफ करण्यात अर्थ आहे. ६,९०० किलोमीटरच्या नव्या इंजिनात कुठला कचरा असणार?

फोनवर होकार दिलेल्या त्या दुसऱ्या पॅकेजबद्दल मात्र मी ठाम आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नसते, कारण घाण धरून ठेवणारे डिटर्जंट ऑइलमध्येच असतात आणि ऑइल बदललं की ती बाहेर जाते. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्लश हा शब्दच नाही. माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवरून, जात नाही. त्यामुळे टाकीत ओतलेलं क्लीनर इंजेक्टरपर्यंत पोहोचलं तरी या इंजिनांमध्ये जिथे खरोखर कार्बन साचतो त्या व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत ते जाऊच शकत नाही. आणि एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. नव्या गाडीत कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायची आणि वॉरंटीत दुरुस्त करून घ्यायची. वरून टॉप-अप करून गाडी परत देणं हा त्यावरचा इलाज नाही.

आता ज्याने मला खरी काळजी लागली ते. मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइलपुढे लिहिलंय: ४०,००० किलोमीटर किंवा २ वर्षं, जे आधी होईल ते. पॅकेज ३०,००० किलोमीटरपर्यंतचं, म्हणून ते बनवणाऱ्याने ४०,००० ची ओळ सोडून दिली. पण माझी दोन वर्षं भरली होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, गाडी उभी असली तरीही. डॉट-४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. गाडी दोनदा कोटिंग होऊन आली, सीट चकचकीत झाल्या, आणि हे एक काम कुणाच्याच यादीत नव्हतं. मी वेगळे पैसे देऊन त्याच आठवड्यात करून घेतलं.

मॅन्युअलच्या मागच्या बाजूला अजून एक तक्ता सापडला, खडतर वापरासाठीचा. मला वाटायचं की तो डोंगरदऱ्यांत गाडी चालवणाऱ्यांसाठी असेल. पण त्यात पहिलीच ओळ होती सतत छोट्या अंतराच्या फेऱ्या. माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात इंजिन पूर्ण तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये आलेली ओल आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. या वापराला मॅन्युअल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी ऑइल बदलायला सांगतं. म्हणजे मला ऑइल दुप्पट वेळा हवं होतं आणि क्लीनिंग जवळपास नकोच होतं. रोज किती अंतर जाता, हा प्रश्न पॅकेज देताना मला कुणी विचारला नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

माझ्या नणंदेने त्याच सुमारास तेच पॅकेज घेतलं. ती परवा म्हणाली, "वहिनी, माझं पॅकेज सव्वा वर्षातच संपलं!" तिचं रनिंग वर्षाला २५,००० किलोमीटर. तिच्या तीनही सर्व्हिस पटापट झाल्या, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग तिला दरवेळी लागलंच, इंजिन तासन्‌तास तापलेलं असल्यामुळे ऑइलचाही प्रश्न नाही. एरवी ती सर्व्हिसची तारीख हमखास विसरते, पैसे भरलेले होते म्हणून वेळेवर गेली. तिच्यासाठी हे पॅकेज योग्य होतं असं मला खरंच वाटतं. माझ्यासारख्या कमी रनिंगवाल्यांनी मात्र मुदतीची तारीख कशापासून मोजतात ते पाहावं. माझं पॅकेज बिलाच्या तारखेपासून सुरू झालं आणि गाडी हातात आली तीन आठवड्यांनी. तिसरी सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ३६ महिने भरल्यावर करायला गेले असते तर पॅकेज संपलेलं असतं आणि पैसे भरलेली एक सर्व्हिस बुडाली असती. मी ती ३५व्या महिन्यात करणार आहे.

शोरूमबाहेर काम केलं तर वॉरंटी जाते, ही भीतीही सही करताना माझ्या मनात होती. माझ्या वॉरंटीच्या कागदात अट एवढीच निघाली की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ग्रेडचं ऑइल आणि योग्य पार्ट वापरून काम व्हावं आणि त्याची बिलं जपून ठेवावीत. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, विशिष्ट ब्रँडचा पार्ट किंवा सर्व्हिस विकत घेतली तरच वॉरंटी, अशी अट उत्पादकाला सहसा घालता येत नाही. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो, पण वॉरंटीचा कागद स्वतः वाचायला दहा मिनिटं लागतात. मी दोन वर्षं वाचला नव्हता.

मधलं ऑइल मी आता स्वतःच्या खर्चाने, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, सहा महिन्यांनी बदलणार आहे. फोनवर होकार देणं बंद केलंय. एस्टिमेट मेसेजवर मागवते आणि प्रत्येक ओळीपुढे मॅन्युअलचं पान शोधते. पान सापडलं नाही तर कारण विचारते. गंमत म्हणजे नीट विचारलं की तोच अ‍ॅडव्हायझर नीट समजावून सांगतो, आणि दोन कामं त्याने स्वतःच "राहू द्या मॅडम, सध्या गरज नाही" म्हणून काढली.

मागच्या आठवड्यात चौथ्या-पाचव्या वर्षाच्या नव्या पॅकेजचा कागद आला. सुरुवातीलाच मी ब्रेक ऑइलची ओळ शोधली, कारण चौथं वर्ष भरलं की ते पुन्हा बदलायचं आहे. ओळ नव्हती. अंडरबॉडी कोटिंग काढून तिथे ब्रेक ऑइल घालून द्या, असं मी त्यांना लिहून कळवलंय. जमेल म्हणाले, पण अजून लेखी काही आलेलं नाही.