डेट्रॉइट की पिट्सबर्ग? आईबाबांना एकच दाखवायचं असेल तर

आम्ही क्लीव्हलँडजवळ राहतो, त्यामुळं दोन्ही शहरं दोन-तीन तासांवर, आणि भारतातून कुणी आलं की हा प्रश्न येतोच. नायगारा वगैरे सगळ्यांचं ठरलेलं असतं, मी बोलतोय ते जुन्या कारखान्यांच्या शहरांबद्दल, पिट्सबर्ग पोलादाचं, डेट्रॉइट गाड्यांचं. माझे बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, 1982 च्या संपापर्यंत, त्यामुळं आमच्यासाठी ही नुसती सहल नव्हती, हे आधीच सांगतो.

सोय बघितली तर पिट्सबर्ग. डोंगर, नद्या, 1870 पासून चालणारी ती टेकडीवरची इन्क्लाइन (दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे), शिवाय पेन हिल्सचं बालाजी मंदिर, आई तिथंच खूश. शहर सावरलंय पण छान. यू. एस. स्टीलच्या 64 मजली बिल्डिंगवर आता हॉस्पिटलचं नाव आहे, त्यावरून काय ते समजा. कॅरी फर्नेस या जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांची टूर तर चुकवू नकाच, 92 फूट उंच, 1978 मध्ये थंड झालेल्या, खाली उभं राहिलं की मान दुखते. टूर थंडीत नसतात एवढं लक्षात ठेवा.

पण मला खटकलं ते होमस्टेड, पिट्सबर्गला लागूनच असलेलं पोलाद कारखान्याचं गाव. 1892 मध्ये कारखान्याचे मालक कार्नेगी तिकडं स्कॉटलंडला आणि इकडं त्यांचा कारभारी फ्रिकनं पगार कापायचा ठरवून गेट बंद केलं, 6 जुलैला पिंकर्टन या खाजगी पहारेकरी कंपनीची तीनशे माणसं बार्जमधून नदीनं आणली, किनाऱ्यावर कामगार बायकापोरांसकट उभे, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. एवढं सगळं घडलं तो कारखाना 1986 ला बंद पडला आणि आज तिथं मॉल आहे. थिएटर, हॉटेलं, पार्किंग आणि कडेला जुन्या कारखान्याच्या बारा चिमण्या ओळीनं. बार्ज लागले तिथलं पंप हाउस शिल्लक आहे, पण ते शोधायला मी एकटाच गेलो, बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. परळच्या मॉलमधली जुन्या मिलची चिमणी रोज बघणाऱ्या माणसाला मी इतके तास विमानात बसवून परत तेच दाखवत होतो. "मग कामगार कुठं गेले?" एवढंच विचारलं त्यांनी. मला नीट सांगता आलं नाही. येताना ब्रॅडॉकला एडगर थॉमसन वर्क्स हा पोलाद कारखाना लागतो, 1875 चं, अजून चालू आहे, पण आम्ही ते रस्त्यावरूनच बघितलं.

डेट्रॉइट तसं अवघड आहे, खोटं बोलणार नाही. सगळं पांगलेलं, गाडीशिवाय जमत नाही, मधेच ब्लॉकच्या ब्लॉक मोकळे. 1950 मध्ये साडेअठरा लाख लोक होते, 2020 ला साडेसहा लाखसुद्धा नाहीत. लोक सगळा दोष जपानी गाड्यांना देतात, पण कारखाने पन्नाशीच्या दशकातच शहराबाहेर जायला लागले होते, आणि 1967 च्या दंगलीआधीच गळती सुरू होती. 2013 ला तर शहरच दिवाळखोरीत गेलं. 1988 पासून ओसाड पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन मात्र 2024 ला परत उघडलं, ते जरूर बघा.

पण फोर्ड कंपनीचा रूजचा कारखाना चालू आहे. डिअरबॉर्नच्या म्युझियममधून बस नेते, वरच्या वॉकवेवरून खाली ट्रकची लाइन दिसते. बाबा तिथं तासभर हलले नाहीत, माणसांचे हात बघत होते, पाळी किती तासांची, जेवायची सुट्टी किती, सगळं मला विचारायला लावलं.

नंतर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची 1932-33 ची भित्तिचित्रं बघितली, सत्तावीस पॅनेल, हाच रूज कारखाना. त्यात हॅट-चष्मा घातलेला एक मुकादम कामगारांवर डोळे वटारून उभा आहे. बाबा लांबूनच म्हणाले, "हा आमचा जॉबर."

तुमच्या घरातले लोक वेगळे असतील, गुडघे दुखत असतील किंवा मंदिर हवंच असेल तर पिट्सबर्गला जा, वाईट वाटणार नाही. पण घरात कुणी पाळीवर जाणारं असेल, तर मी डेट्रॉइटच म्हणेन. फक्त त्या दिवशी रूजची लाइन चालू आहे का ते फोन करून विचारा, सुट्टीच्या दिवशी बंद असू शकते.