लोहखनिजाची सफाई: मायक्रोवेव्ह की अल्ट्रासॉनिक?

आधी मळ कुठे आहे ते बघा, मग यंत्र निवडा.

कणांवर चिकणमातीचा थर बसला असेल, तर अल्ट्रासॉनिक. पाण्यात साधारण 20 ते 40 किलोहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. त्या धक्क्याने केओलिनाइटसारखा (चिकणमातीतलं एक खनिज) अॅल्युमिनायुक्त गाळ सुटतो. धातुमळी (भट्टीत वितळलेल्या अशुद्धींचा थर) घट्ट करणारा हा अॅल्युमिना लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीला नकोच असतो. पण हे काम पृष्ठभागापुरतंच. कणाच्या पोटात अडकलेल्या गारगोटीला बुडबुडे काय करणार?

तिथे मायक्रोवेव्हची गंमत सुरू होते. 2.45 गिगाहर्ट्‌झच्या लहरींत मॅग्नेटाइट हे लोहखनिज झपाट्याने तापतं, गारगोटी मात्र जवळजवळ थंडच राहते. एक फुगतं, दुसरं नाही. मग दोघांच्या सीमेवर तडे जातात. पुढचं दळण सोपं होतं, गारगोटी मोकळी होते. गोएथाइट हे पाणी बांधून ठेवणारं लोहखनिज असेल तर त्यातलं बांधलेलं पाणी निघून हेमॅटाइट हे बिनपाण्याचं लोहखनिज बनतं आणि कण सच्छिद्र होतो. एक लक्षात ठेवा: मायक्रोवेव्ह स्वतः काहीच ‘काढत’ नाही, फक्त वाट मोकळी करतो. वेगळं करायला चुंबक किंवा प्लवन (फेसावर कण तरंगवून वेगळे करणं) लागतंच. शिवाय लहरी फार खोल जात नाहीत, त्यामुळे मोठा ढीग सारखा तापवणं कठीण.

फॉस्फरस सर्वांत चिवट, आणि पोलाद थंडीत ठिसूळ करणारा. इथे मी एकाला निवडणार नाही. आधी मायक्रोवेव्हने तडे, मग आम्लात धुताना अल्ट्रासॉनिक, हाच क्रम मला पटतो. उलटा क्रम लावला तर आम्लाला आत शिरायला भेगाच नसतात.