लिलावाच्या टेबलावर शेवटचा शब्द कुणाचा?

यंदा लीगमध्ये संघ घेताय ना? मग खेळाडूंच्या याद्या काढण्याआधी एवढं ठरवा: शेवटचा शब्द तुमचा की मॅनेजरचा. आमच्या तालुक्याच्या टेनिस बॉल लीगमध्ये मी तीन हंगाम संघ चालवला. दोन्ही पद्धती करून पाहिल्या.

मालकानंच सगळं बघावं, यातही दम आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइज संघाचे जेरी जोन्स १९८९ पासून मालकही आहेत आणि जनरल मॅनेजरही, म्हणजे खेळाडू निवडणारेही तेच. १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांत त्यांनी सुपर बोल, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकलं. पण नंतर गाडी अडली ती अडलीच. मालकच मॅनेजर असेल, तर त्याला बदलणार कोण?

आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा अमेरिकेतला बास्केटबॉल संघ घेतला. तिथे आधी प्रशिक्षक नेमला, माइक मलोन, आणि जनरल मॅनेजर त्यानंतर आला. मला तरी हा क्रम उलटा वाटतो. डिसेंबर २०१४ मध्ये, ११ विजय आणि १३ पराभव झालेले असताना, मलोनना काढलं. याच मलोननी २०२३ मध्ये डेन्व्हरच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं.

रणदिवे आधी ज्या वॉरियर्स या दुसऱ्या बास्केटबॉल संघात भागीदार होते, तिथले जो लेकब हे काही गप्प बसणारे मालक नव्हेत. पण मार्च २०१२ मध्ये प्रेक्षकांचा लाडका खेळाडू मॉन्टा एलिस याला सोडल्यावर भर मैदानात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ती त्यांनी स्वतः उभं राहून झेलली. त्याच वर्षी बॉब मायर्स जनरल मॅनेजर झाले, २०२३ पर्यंत राहिले आणि चार अजिंक्यपदं आली.

माझं मत मात्र अमेरिकेवरून बनलेलं नाही. पहिली दोन वर्षं लिलावात मी मॅनेजरच्या मागच्या खुर्चीवर बसायचो. प्रत्येक बोलीला तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की हात वर. एक डावखुरा गोलंदाज आम्हाला हवाच होता. मॅनेजरची मान वळेपर्यंत ‘एक वार, दोन वार’ होऊन हातोडा पडला. पोराला खेळाडूंची नस ठाऊक होती, पण त्याचं अर्धं लक्ष माझ्या चेहऱ्यावर. ते मला फार लागलं.

तिसऱ्या वर्षी दोनच गोष्टी माझ्याकडे ठेवल्या: पैशाची मर्यादा आणि शिवीगाळ करणारा खेळाडू नको. बाकी सगळं त्याच्यावर सोडलं आणि लिलाव चालू असताना मंडपाबाहेर टपरीवर चहा घेत बसलो. तुमचा मॅनेजर अगदीच नवखा असेल, तर एखादं वर्ष शेजारी बसायला हरकत नसावी. पण शेजारी, मागे नाही.

रात्री यादी हातात आली, तर त्यात मला न पटणारी दोन नावं होती. त्यातल्याच एकानं उपांत्य सामन्यात शेवटची ओव्हर टाकली आणि सहा धावा वाचवल्या.