दुर्गम शाळांसाठीचे ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षण : सात महिन्यांच्या वापरानंतर

अक्कलकोट तालुक्यातील ज्या वस्तीवर मी शिकवते, तेथे घराघरांत कन्नड बोलली जाते आणि शाळा मराठी आहे. या प्रशिक्षणात बहुभाषिक वर्गावर एक घटक आहे, एवढ्याचसाठी मी पदरचे २,४०० रुपये भरले. आमच्या गटात मिनिकॉय बेटावरील एक शिक्षिका आहेत. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळम बोलतात, मिनिकॉयला महल ही भाषा. त्यामुळे घरची भाषा एक, शाळेची दुसरी, ही आमची अडचण एकच निघाली.

दुसरी अडचणही एकच निघाली. ‘चित्रफीत उतरवून घ्या, रेंज नसताना पाहा’ असे सांगितले जाते. परंतु तशी पाहिलेली मिनिटे मोजलीच जात नाहीत. चाळीस मिनिटांची फीत शाळेच्या व्हरांड्यात टिपणे काढत पाहिली आणि सोलापूरला घरी येऊन फोन इंटरनेटला जोडला, तरी प्रगतीची पट्टी ६२ टक्क्यांवरच. तीच फीत रात्री पुन्हा चालवावी लागली आणि दिवसाचा डेटा संपला. तक्रारीवर चार वेळा एकच उत्तर आले : ‘इंटरनेट तपासा.’ कोचीहून लक्षद्वीपला जोडणारी समुद्राखालची केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी सारी मदार उपग्रहावर होती. अशा ठिकाणच्या शिक्षकांना हे उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते.

तिसऱ्या महिन्यात मी एकच तारा दिला असता. पाचव्या महिन्यात माझ्या तासिकेच्या चित्रीकरणावर मार्गदर्शकांचा शेरा आला : ‘४ मिनिटे १२ सेकंद : प्रश्न विचारलात आणि लगेच उत्तरही दिलेत.’ शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास मुलांची उत्तरे सुधारतात, हे अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले होते; मी ते डी.एड.ला वाचलेही असेन, पण स्वतःला तसे करताना कधी पाहिले नव्हते. आता टेबलाच्या कडेवर तीन बोटे मोजते. ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कोठे जाते, असे विचारून थांबले, तेव्हा तिसऱ्या बोटाला मागच्या रांगेतून आवाज आला : ‘बाई, गाळी.’ गाळी म्हणजे वारा. वर्षभर न बोललेल्या मुलीचे ते उत्तर मी फळ्यावर दोन्ही भाषांत लिहिले.

त्या एका शेऱ्याने पैसे वसूल झाले. पट्टी मात्र ९४ टक्क्यांवर अडकलेली असून प्रमाणपत्र मिळालेले नाही. उतरवून पाहिलेली मिनिटे रेंज येताच जमा होऊ लागेपर्यंत दुसऱ्या भागाचे शुल्क मी भरणार नाही, असे संस्थेला लेखी कळवले आहे. मिनिकॉयच्या बाईंनीही त्यावर सही केली आहे.