चंद्रावरचं पाऊल की पुतळ्यापाशी केलेली सही?

साठच्या दशकातली अमेरिका म्हटलं की अपोलो ११ आठवतं. २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. कॉलिन्स बिचारा वरच घिरट्या घालत राहिला. परतीच्या इंजिनाच्या सर्किट ब्रेकरचं टोकच मोडलेलं निघालं. ऑल्ड्रिननं तिथं चक्क फेल्ट पेन खुपसून काम भागवलं! येताना सुमारे साडेएकवीस किलो दगडमाती आणली.

दुसरा प्रसंग फारसा कुणाला आठवत नाही. ३ ऑक्टोबर १९६५. न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी टेबल मांडून अध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि हे काही क्रांतिकारक विधेयक नव्हे, असंही सांगून टाकलं. तिथं त्यांचा अंदाज साफ चुकला. १९४६ च्या कायद्यानं भारताला मिळालेला वार्षिक कोटा होता अवघा १००. आता देशागणिक कमाल मर्यादा २०,००० झाली. नातेवाईक आणि कुशल माणसांना प्राधान्य मिळालं. डॉक्टर, इंजिनिअर निघाले, त्यांत मराठी घरातलेही होते.

चंद्रावर एकूण १२ जण चालले, शेवटचे डिसेंबर १९७२ मध्ये. रोमांच तिकडेच, यात वादच नाही. पण रोजचं जगणं कशानं बदललं, असं विचाराल तर माझं मत सहीला. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्यांची, वाणसामानाची दुकानं ओळीनं लागतात. त्यांचा माग काढत गेलं की आपण त्या टेबलापाशीच पोचतो.