पंक्चररोधक टायर, बरेच महिने वापरल्यावर: काटे हरले, मनगटं दुखली

झालं एकदाचं पंक्चर. मागच्या चाकाला, पाऊस चालू असताना, कॅरियरवर सामान लादलेलं असताना. पंक्चर नको म्हणून इतके महिने हाताला मुंग्या आणणारी सायकल मुकाट चालवली, आणि त्याच टायरने दगा दिला.

आत सापडली एक तार. लांबी सेंटीमीटरभर, जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. मोटारी-ट्रकच्या रेडियल टायरांत पोलादी तारांचे पट्टे असतात. ते टायर फाटले की तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात आणि आपल्या नशिबी येतात. काटा एका झटक्यात घुसतो. ही तार मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला किंचित आत सरकत राहते आणि एक दिवस ट्यूबला पोचते. सायकलच्या, नक्षीखाली विणलेला संरक्षक पट्टा असलेल्या टायरांत ती धाग्यांच्या मधून निसटून जाते. जाड रबराच्या थरात तिला निदान लांबचा प्रवास करावा लागतो. तिने तो केला, एवढंच.

टायर ३७-६२२ मापाचे (रुंदी ३७ मिमी, रिमचा व्यास ६२२ मिमी), नक्षीखाली काही मिलिमीटरचा रबरी थर असलेल्या जातीचे. बाकी आकडे खोक्यावर असतातच.

तर पंक्चर एक वेळ माफ. टायर उतरवण्याचा प्रकार मात्र माफ नाही. त्याच्या बाजू इतक्या ताठ की एका जागी कड उचलली की दुसऱ्या जागची परत खाली. टायर उचकटायचा प्लॅस्टिकचा एक लिव्हर मोडला, दुसरा वाकला. पॅच लावायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ टायरशी झटापटीत गेला. विकणारा सांगतो, 'याला पंक्चर होतच नाही.' झालं तर तुम्ही रस्त्याकडेला काय करणार, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते या टायरांचा सर्वांत मोठा दोष हाच. वजन, वेग वगैरे नंतर.

रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायरची कड सगळीकडून त्या पन्हळीत ढकलली की तिथे परीघ कमी असल्यामुळे थोडी ढील मिळते. म्हणून टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायचं. तिथे व्हॉल्व्हचा बुंधाच पन्हळ अडवून बसलेला असतो, तिथे सुरुवात केली की शेवटी ढील उरत नाही. मऊ टायरात हे न पाळताही चालतं. या ताठ टायरात कड पन्हळीत थांबतच नाही, बाहेर येते. मग पट्ट्याने नाहीतर दोरीने ती जागा आवळून ठेवायची आणि पुढे सरकायचं. हातमोजे वापरा, नखं वाचतील.

आता इथे जरा मत बदलते. नंतर घरी तोच टायर मुद्दाम पुन्हा उतरवला, तर निम्म्या जोरात उतरला. एकदा चढवून, वापरून, कड थोडी सैलावते. त्यामुळे नवीन टायर घेतला की पहिल्याच दिवशी घरी निवांत बसून एकदा काढघाल करून टाका. आणि लिव्हर चांगल्या जातीचे घ्या. माझा राग अर्धा ओसरला. उरलेला अर्धा कायम आहे, कारण तो राईडबद्दल आहे.

टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पूर्ववत होतो. या वाकण्या-सरळ होण्यात रबर काही ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि ती तुमच्या पायांतून येते. थर जितका जाड तितकं जास्त रबर वाकतं. फिरत्या ड्रमवर टायर चालवून चाचण्या होतात त्यांत जाड संरक्षणाचे टायर चपळ, पातळ टायरांच्या दुप्पट शक्ती खाताना दिसतात. पुन्हा वजन आहेच. या मापाचा जाड टायर नऊशे ग्रॅमच्या आसपास जातो, पातळ टायर त्याच्या निम्म्यात भागतो.

पण वेगाचं मला फार सुतक नाही. मला छळतं ते कंपन. पातळ केसिंगचा (म्हणजे रबराखालच्या कापडी अंगाचा) टायर रस्त्याची खरखर स्वतः गिळतो, जाड टायर ती तशीच हँडलपर्यंत पोचवतो. सगळे सल्ला देतात की हवा कमी करा. केली. तळवे थोडे सुखावले, पण सायकल लोण्यातून चालल्यासारखी जड झाली. कारण हवा कमी केल्यावर त्या जाड रबराला आणखी वाकावं लागतं. पातळ टायरात मऊपणा हवेतून येतो, इथे हवा काढली तरी रबर आपला हेका सोडत नाही.

सायकलींवर लिहिणाऱ्या फ्रँक बर्टोंनी सायकलस्वाराच्या वजनाने टायरची उंची १५ टक्के दबेल एवढी हवा ठेवावी असा अंदाज दिला होता. तो चांगला आहे, पण या टायरात डोळ्यांनी ओळखणं कठीण. बाजू इतक्या ताठ की हवा बरीच गेली तरी टायर उभाच. अंगठ्याने दाबून पाहाल तर काहीच कळणार नाही. सावकाश गळणारं पंक्चर या टायरात बरेच दिवस लपून बसू शकतं. मापकाचा पंप हवाच.

एक गोष्ट खरेदीआधी बघा. टायरवर 'केव्हलार' लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात. हा धागा स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला, भक्कम आहे यात वाद नाही. पण अनेक टायरांत तो फक्त कडेच्या तारेऐवजी घातलेला असतो, टायर घडी करता यावा आणि हलका व्हावा म्हणून. पंक्चरशी त्याचा संबंध शून्य. तो नक्षीखालच्या पट्ट्यात आहे का, ते वाचून घ्या.

शेवटी मी काय केलं? पुढचा जाड टायर काढला आणि तिथे त्याच मापाचा पातळ केसिंगचा, मध्यम पट्टा असलेला टायर घातला. मागचा जाड तसाच ठेवला. हातांचा भार पुढच्या चाकावर असतो, वजन मात्र मागे जास्त पडतं आणि पंक्चरही मागेच जास्त होतात. फरक पहिल्याच खडबडीत वळणावर जाणवला. मनगटातल्या मुंग्या जवळजवळ गेल्या. पुढचा टायर मऊ रबराचा असल्याने ओल्या रस्त्यावर पकडही बरी वाटते.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मागची हवा गेली तर सायकल डगमगते, पुढची अचानक गेली तर हँडल हातातून सुटतं. भरधाव उतरणाऱ्यांनी हा विचार करावा. माझा वेग तेवढा नाही. शिवाय आठवड्यातून एकदा पुढचा टायर फिरवून रुतलेली काच, खडे सुईने उकरून काढते. काच बहुतेक वेळा लगेच आत पोचत नाही, नक्षीत अडकून हळूहळू शिरते. दोन मिनिटांचं काम आहे.

रोज लांबवर सामान वाहणारे, रात्री-बेरात्री निर्मनुष्य रस्त्याने जाणारे, पंक्चर काढायला हात न धजणारे, यांनी दोन्ही चाकांना जाड टायर खुशाल घालावेत. निवांत फिरणाऱ्यांनी आणि ज्यांची मनगटं कुरकुरतात त्यांनी निदान पुढे तरी घालू नयेत.

मागे सुद्धा मध्यम पट्ट्याचा घालायचा विचार आहे, पण चांगला टायर टाकून द्यायचा जीव होत नाही. आणि हा इतका वापरूनही झिजायचं नाव घेत नाही. नक्षी अजून जवळजवळ नव्यासारखी आहे, म्हणजे बदलायला काही वर्षं तरी जातील. पुढचा काढलेला टायर गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, तोही झिजलेला नाही. मागचा संपला की तो लागेल.